निफाडच्या हरभऱ्यातला राजहंस: नाशिकहून हंस बघायला निघणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की आमच्या नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागतो. निळंशार पाणी, पांढरेशुभ्र लांब मानेचे पक्षी आणि खाली ओळ: ‘नांदूर मध्यमेश्वरला हंसांचं आगमन!’ फोटो युरोपातल्या कुठल्यातरी तळ्याचा असतो. तरी रविवारी गाड्या भरून माणसं निफाड तालुक्यातल्या त्या पक्षी अभयारण्याकडे निघतात, अकराला पोचतात, चपट्या चोचीचे चमचे पक्षी आणि बगळे बघून ‘हंस कुठंयत?’ असं विचारतात आणि परत येताना मिसळ खाऊन दिवस साजरा करतात. माझी मावशी दोनदा अशी जाऊन आली. दुसऱ्या खेपेला मला म्हणाली, “तुझ्या त्या अभयारण्यात सगळं आहे, हंस तेवढा नाही.”

हंस आहे. फक्त मावशी ज्याला शोधत होती तो नाही. ही भानगड आधी सोडवू, मग निघायचं कधी, कुठून आणि बघायचं कसं ते सांगतो.

कोणता हंस बघायचाय, ते आधी ठरवा

कॅलेंडरवरचा, सरस्वतीच्या शेजारचा, बंगल्याच्या गेटवरचा जो पांढरा, नागमोडी मानेचा पक्षी आपल्या डोळ्यांपुढे येतो, तो इंग्रजीतला ‘स्वान’. जगात त्याच्या सहा जाती मानतात. युरोप-आशियातला मूक हंस, उत्तरेकडचे हूपर आणि टुंड्रा हंस, उत्तर अमेरिकेतला ट्रम्पेटर, दक्षिण अमेरिकेतला काळ्या मानेचा आणि ऑस्ट्रेलियातला पूर्ण काळा. यातला एकही महाराष्ट्राचा नेहमीचा पाहुणा नाही. उत्तर आणि वायव्य भारतात कडक थंडीत एखादा वाट चुकून उतरतो आणि त्याची बातमी होते. गोदाकाठी तो दिसेल या आशेवर पेट्रोल जाळू नका.

मग आपल्या गोष्टींत शतकानुशतकं फिरणारा हंस कोण? शब्दाच्या मुळाशी गेलात तर उत्तर जवळच आहे. संस्कृत ‘हंस’, लॅटिन ‘आन्सर’ आणि जर्मन ‘गान्स’ हे सख्खे चुलत भाऊ, आणि त्या दोन्ही परक्या शब्दांचा अर्थ स्वान नाही, तर ‘गूज’. म्हणजे ज्याला मराठीत कादंब किंवा राजहंस म्हणतात तो. शास्त्रज्ञांनी आपल्याकडे येणाऱ्या कादंबाचं नाव ठेवलं ‘आन्सर इंडिकस’, म्हणजे शब्दशः भारतीय हंस. डोक्यावर दोन काळे पट्टे म्हणून हा पट्टकादंब. तिबेटच्या पठारावर, मानसरोवराच्या मुलखात, लडाखच्या त्सो मोरिरी आणि त्सो कारच्या काठी आणि मंगोलियात त्याची वीण होते. हिवाळ्यात तो हिमालय ओलांडून खाली येतो. ‘मानसरोवराचा हंस’ या शब्दांत जे काही आहे ते सगळं या पक्ष्याला लागू पडतं. पांढरेपणाचा हट्ट तेवढा सोडावा लागतो. माझ्या मते तो सोडायला हरकत नाही. संगमरवरी पुतळ्यासारखा तरंगणाऱ्या पक्ष्यापेक्षा हिमालय पायाखाली घालून निफाडच्या हरभऱ्यात उतरणारा पक्षी केव्हाही भारी.

तिसरा गोंधळ फार्महाऊसवरचा. नाशिकच्या आसपासच्या द्राक्षबागांवर राखणीला पांढरे ‘राजहंस’ पाळलेले दिसतात. ते पाळीव कादंब. युरोपातल्या राखी कादंबापासून माणसाने तयार केलेली एक जात, आणि चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेली चिनी जात पूर्व आशियातल्या कादंबापासून. राखणीला कुत्र्याच्या तोडीस तोड. एका नातेवाइकांच्या मळ्यावर फोटोसाठी मी जरा जवळ गेलो, तर मान जमिनीलगत लांबवून, फुसफुसत त्यातला एक असा धावून आला की माझी एक चप्पल बांधावरच राहिली. पुढे मूक हंसांचे व्हिडिओ बघितले तेव्हा तीच फुसफूस ओळखू आली. नाव मूक असलं तरी रागावल्यावर तो चांगलाच बोलतो, आणि उडताना त्याच्या पंखांची घुमघुम बऱ्याच लांबून ऐकू येते.

खऱ्या स्वानचं वर्ष थोडक्यात

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वान आणि कादंब एकाच कुळातले, बदकांच्या कुळातले. एकाचं आयुष्य कळलं की दुसऱ्याचं वागणं दुर्बिणीतून आपोआप वाचता येतं.

मूक हंसाचा नर दहा-बारा किलोचा, पंख पसरले तर दोन मीटरच्या वर. एवढं धूड जागेवरून उचलणं सोपं नाही, म्हणून उडायच्या आधी तो पाण्यावर पाय आपटत बरंच अंतर धावतो, अगदी धावपट्टीवरच्या विमानासारखा. मानेत बावीस ते पंचवीस मणके असतात. आपल्या मानेत सातच. ही लांब मान मिरवायची वस्तू नाही, तोच त्याचा हात आहे. पाण्याच्या तळाशी उगवलेलं गवत आणि पाणवनस्पती खुडून खायला ती लागते. मान पुरली नाही तर शेपटी वर करून अर्धं अंग बुडवतो.

वसंतात जोडपं बोरू आणि काटक्यांचा भलामोठा ढिगारा रचतं, पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच जागी. मादी एक-दोन दिवसांच्या अंतराने पाच-सात अंडी घालते, पण शेवटचं अंडं पडेपर्यंत नीट उबवायला बसत नाही. त्यामुळे पाचेक आठवड्यांनी सगळी पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर येतात आणि दिवसा-दोन दिवसांत आईमागे पाण्यात उतरतात. दमली की आईच्या पाठीवर, पंखांच्या खोबणीत जाऊन बसतात. रंगाने करडी, मातकट. उडायला चार ते पाच महिने लागतात. मधल्या काळात आईबापांचीही पिसं झडतात आणि कित्येक आठवडे त्यांनाही उडता येत नाही. नर पंख कमानीसारखे फुगवून पाण्यात जोरजोरात येताना दिसला तर ती नजाकत नव्हे, ‘माझ्या हद्दीतून निघ’ अशी तंबी असते.

‘एकदा जमलेली जोडी आयुष्यभर’ हे बरंचसं खरं, पण पूर्ण नाही. जोड्या वर्षानुवर्षं टिकतात, तरी मोडतातही, विशेषतः वीण फसली की. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला १९६४ पासून सैबेरियातून येणारे छोटे टुंड्रा हंस चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून एकेक करून ओळखतात. कोण कुणाबरोबर आलं, यंदा पिल्लं किती, सगळी नोंद ठेवतात. त्या हंसांत काडीमोड फारच दुर्मीळ.

दूध-पाणी वेगळं करण्याबद्दल एकच सांगतो: कुठल्याच पक्ष्याला ते जमत नाही. बदकांच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारख्या दातऱ्या असतात, त्यांतून ती पाणी गाळून अन्न ठेवतात. कादंबाच्या दातऱ्या मात्र गवत कापायच्या कामाच्या. नीरक्षीरविवेकाची खरी मेहनत आपल्या नांदूरला थापट्या नावाचं बदक करतं. चमच्यासारखी रुंद चोच पाण्यावर फिरवत बसलेलं असतं, पण त्याला मान कोण देतो!

कधी जायचं

पट्टकादंब महाराष्ट्रात साधारण डिसेंबरपासून दिसू लागतात आणि मार्चपर्यंत परततात. मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा पसंत करतो. तोवर हरभरा भरलेला असतो, गहू हिरवा असतो, आणि पाणी थोडं ओसरून मधली बेटं उघडी पडलेली असतात.

पाण्याची गोष्ट महत्त्वाची, म्हणून जरा थांबतो. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा. शंभर वर्षांत त्याच्या पोटात गाळ साचत गेला. पाणी साठवायच्या दृष्टीने हे नुकसान, पण पक्ष्यांच्या दृष्टीने पर्वणी: उथळ पाणी, पाणकणीस, चिखलाची बेटं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. पण बंधारा आजही चालता आहे. गंगापूर, दारणा अशा वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं की ते इथूनच पुढे जातं. ‘नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक’ ही ओळ नाशिकच्या पेपरात आपण नेहमी वाचतो. पक्षी बघणाऱ्याने ती ओळ वेगळ्या नजरेने वाचावी. मोठा विसर्ग चालू असेल तर बेटं बुडालेली असतात, कादंबांना बसायला जागा नसते. माझी पहिली खेप अशीच गेली. पाणी काठोकाठ, लांबवर चार ठिपके, आणि मी त्या ठिपक्यांना तासभर राजहंस समजत बसलो. निघालं नकटा बदक.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी काठावरच्या खाणगाव थडी गावातल्या एखाद्या गाईडला फोन करायचा. ‘पाणी किती आहे, पट्टेवाले बसतात का, कुठे बसतात’ एवढे तीन प्रश्न. नंबर एकदा तिथे गेल्यावर मिळतो, म्हणून पहिली फेरी ओळख करून घेण्यातच गेली असं समजा. कादंब तिथे शेकड्यांनी नसतात, रोज त्याच जागी बसतील असंही नाही. मोठे थवेच बघायचे असतील तर उजनीच्या पाण्यावर भिगवणला जा. पण घराजवळचा पक्षी ओळखीचा होण्यात जी मजा आहे ती तिथे नाही.

काय न्यायचं

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. नवीन माणूस दहा बाय पन्नास घ्यायला जातो, कारण आकडा मोठा. पण ती जड असते आणि हाताच्या कंपाने चित्र नाचतं. कादंब बेटावर बसतात, बेट लांब असतं, त्यामुळे खरं काम स्पॉटिंग स्कोपचं, म्हणजे तिपाईवर लावायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीचं. तो विकत घेऊ नका, गाईडकडे असतो. त्याचे पैसे आणि गाईडची मजुरी देताना घासाघीस करू नका. या गावांतल्या पोरांनी सीझनमध्ये पहाटे उठून पक्षी कुठे आहेत हे बघितलेलं असतं, आपण त्याचे पैसे देतो.

मोबाईलमध्ये पक्षी ओळखायला मदत करणारं ‘मर्लिन’ ॲप आधीच उतरवून ठेवा, भारताच्या पक्ष्यांच्या पॅकसह. नदीकाठी रेंज भरवशाची नसते. कपडे मातकट रंगाचे आणि दोन थर जास्त. निफाडची थंडी नाशिककरांना नवीन नाही, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर येतो. त्याच तालुक्यात तुम्ही पहाटे नदीकाठी उभं राहणार आहात. कानटोपी विसरलात तर अर्ध्या तासात मन पक्ष्यांवरून चहावर जातं.

पोचायचं कसं

जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्याच्या आधी अर्धा तास तुम्ही काठावर हवेत, म्हणजे नाशिकहून सव्वापाच-साडेपाचला निघायचं. संभाजीनगर रस्त्याने ओढा, चांदोरी, तिथून सायखेडा आणि मग चापडगाव किंवा खाणगाव थडी. या दोन्ही बाजूंना निरीक्षण मनोरे आहेत. धुकं असेल तर उसाच्या ट्रॅक्टरांपासून जपून. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही.

सायखेड्याच्या पुलावर दोन मिनिटं थांबा, पण खाली बघायला. नदी पाणवेलींनी भरलेली असते, एखाद्या वर्षी तर पाणीच दिसत नाही. शहराचं सांडपाणी आणि शेतातली खतं या वेलींना पोसतात. पट्टकादंबाला उघडं उथळ पाणी आणि मोकळा काठ लागतो. तुम्ही ज्याला शोधायला निघालात तो या हिरव्या गालिच्यावर बसत नाही.

बघायचं कसं

इथे घाई केलीत तर सगळं वाया. कादंबाचा दिवस आपल्या उलटा असतो. तो संध्याकाळी आणि रात्री शेतात चरतो आणि दिवसभर पाण्यामधल्या बेटावर आराम करतो. म्हणजे त्याला बघायच्या दोनच वेळा: पहाटे शेतातून परतताना आणि सूर्य मावळताना पुन्हा निघताना. अकराला पोचणाऱ्या मावशीला ते कसे दिसणार?

पहाटे आधी कान लावा. खालच्या पट्टीतला, नाकातून आल्यासारखा ‘आँग... आँग’ असा आवाज येतो, दोन-तीन पक्षी एकमेकांना उत्तर देत असल्यासारखा. एकदा मनोऱ्यावर धुक्यात काहीच दिसत नव्हतं. गाईड म्हणाला, “दादा, दुर्बीण खाली ठेवा. आधी आवाज कुठून येतो ते बघा.” त्याने हात कोठुरेच्या बाजूला केला आणि पाचेक मिनिटांनी त्याच बाजूने धुक्यातून एक तिरकी रांग आली.

ती रांग उतरताना बघा. इंग्रजी व्हीसारखी आकृती बऱ्याचदा एका बाजूला लांब असते. पुढच्या पक्ष्याच्या पंखांमागे हवेचा जो वर उचलणारा झोत तयार होतो, त्यात मागचा राहतो, त्याचे श्रम वाचतात. उतरताना पाय पुढे, पंख वळवलेले, आणि बेटावर पाय टेकताच सगळे गळा काढतात.

मग स्कोप लावा आणि ओळख पटवा. शरीर फिकं राखाडी, बदकापेक्षा मोठं, वजन दोन-तीन किलोचं. चोच आणि पाय पिवळसर नारिंगी, चोचीचं टोक काळं. मानेच्या बाजूने खाली येणारी पांढरी रेघ. आणि डोक्यावर, डोळ्यामागून जाणारा एक आणि त्याखाली मानेच्या मागे दुसरा असे दोन काळे पट्टे. उडताना पंखांची मागची कड काळी. राखी कादंब असेल तर चोच गुलाबी, अंग जास्त तपकिरी आणि डोकं कोरं. चक्रवाक नारिंगी, त्यात गोंधळ होणारच नाही. नकटा बदकाचं डोकं पांढरं पण त्यावर काळे ठिपके, पाठ काळी. बसलेला मुग्धबलाक लांबून फसवतो. तेव्हा त्याची चोच बघा, मिटल्यावरही मध्ये फट राहते.

आता खरा खजिना. थव्यात काही पक्षी असे दिसतील की डोक्यावर पट्टेच नाहीत, चेहरा मळकट पांढरा आणि डोक्यावर नुसती गडद टोपी. ती यंदाची पिल्लं. मोठ्या दोन पक्ष्यांच्या जवळ ती दोन-तीन असली, चरताना ती चार-पाच जणं एकत्र सरकत असली, तर ते एक कुटुंब. कादंबांत आईबाप हिवाळाभर पिल्लं सोबत ठेवतात, पिल्लं त्यांच्याच मागे पहिला प्रवास करून वाट शिकतात. मूक हंस याच्या उलट. पिल्लं मोठी झाली की नर त्यांना स्वतःच्या तळ्यावरून हाकलून लावतो. सैबेरियातले हंस मात्र कादंबांसारखे, पिल्लांना घेऊन हजारो किलोमीटर येतात. म्हणजे वागणं जातीपेक्षा प्रवासावर ठरतं असं मला वाटतं. वाट लांबची असेल तर पोरांना एकटं सोडून चालत नाही.

उन्हाळ्याचा हिशेबही तसाच. मूक हंसाच्या पिल्लाला उडायला चार-पाच महिने लागतात. तिबेटात एवढा वेळ नसतो. तिथे बेटांवर, जमिनीवर, वसाहती करून पट्टकादंबाची घरटी, चार-सहा अंडी, मादी साधारण चार आठवडे उबवते, नर राखण करतो, आणि पिल्लू सुमारे दोन महिन्यांत उडायला लागतं. सैबेरियातल्या हंसाचं तर दीड महिन्यात. बर्फ पडायच्या आत पंख तयार हवेत, नाही तर संपलं.

बेटावरच्या थव्यात एक-दोन माना नेहमी वर असतात. बाकीचे डोकं पंखात खुपसून झोपतील, पण पहारा उठत नाही. सगळ्या माना एकदम वर झाल्या तर आकाशात बघा, दलदल भोवत्या किंवा दुसरं कुणी शिकारी येतंय. थव्यात डोकी झटकणं वाढलं, आवाज वाढला, तर दोनेक मिनिटांत ते उडणार. कॅमेरा त्या आधी तयार ठेवा. एखादा नर दुसऱ्यावर मान लांबवून धावतो, त्याला पळवतो आणि परत आपल्या मादीकडे येऊन दोघं मिळून आवाज करतात. विजयाची ही आरडाओरड कादंब आणि हंस दोघांतही असते. मला तर ते लग्नाच्या वरातीतल्या व्याह्यांसारखं वाटतं.

गळ्यावरही नजर ठेवा. मंगोलियात काही कादंबांच्या गळ्यात रंगीत प्लास्टिकची पट्टी घालतात, त्यावर अक्षर-आकडे असतात. अशी पट्टी दिसली तर रंग आणि अक्षरं लिहून घ्या, फोटो काढा. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पायात धातूची कडी घालते, ती लांबून वाचता येत नाही.

हा पक्षी हिमालय ओलांडतो कसा

बेटावरचा राखाडी पक्षी झोपलेला असताना हे मनात असावं, म्हणून सांगतो. उपग्रहावर नोंदणारी यंत्रं पाठीवर लावलेले पट्टकादंब सात हजार दोनशे नव्वद मीटरपर्यंत नोंदले गेले आहेत. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एक लहानसा बदल आहे, त्यामुळे ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं. उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट, फुप्फुसं मोठी. भारताच्या बाजूने चढ सात-आठ तासांत पार करतात, तेही वाऱ्याच्या पाठबळाची वाट न पाहता, बहुतेकदा रात्री-पहाटे, हवा गार आणि दाट असताना. आणि सरळ रेषेत उंच जात नाहीत. खाली दरी आली की खाली उतरतात, डोंगर आला की पुन्हा चढतात. उंची टिकवत राहण्यापेक्षा तेच स्वस्त पडतं, असं २०१५ मध्ये हृदयाचे ठोके मोजून दाखवलं गेलं. कसारा घाटात गाडीला दम लागतो, तेव्हा मला हे आठवतं.

शेतात गेलात तर

संध्याकाळी थवा उठून हरभऱ्यात, गव्हात किंवा पाणी ओसरल्यावर केलेल्या गाळपेरात उतरतो. मागे जायचा मोह होईल. थांबा. ते कुणाचं तरी पीक आहे. कादंब कोवळा गहू मुळापासून उपटतात, शेतकरी त्यांना हाकलतात, आणि त्यांची बाजू खरी आहे. बांधावरून बघायचं, आधी शेतमालकाला विचारायचं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, “हे एवढ्या लांबून येतात म्हणता, मग इथं माझंच रान बरं सापडतं यांना?” मी काही उत्तर देऊ शकलो नाही, हरभऱ्याचे चार घाटे मात्र त्यांनीच तोडून दिले.

दुसरं, निफाडच्या गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. हे घाबरवायला सांगत नाही, इथल्या कुणालाही विचारा. सूर्य मावळल्यावर एकट्याने बांधाबांधाने फिरू नका, लहान मुलं हाताशी ठेवा, कादंब उडून गेले की गाडीकडे परत या.

ड्रोन नको, अभयारण्यात तर मुळीच नाही. थवा उडवून फोटो घेणारे हौशी असतात. आराम करणारा पक्षी एकदा उडाला की त्याने रात्री खाल्लेला हरभरा त्या चकरेत जळतो. पाव-चपाती टाकू नका. हे गवत खाणारे आहेत. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेल्या पाणपक्ष्याला हात लावू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो, तेही तिथेच कळवा.

नोंद

घरी येऊन ‘खूप पक्षी दिसले’ असं लिहिण्यात अर्थ नाही. वहीत किंवा पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर तारीख, वेळ, जागा, मोठे किती, पट्टे नसलेली पिल्लं किती, बेटावर की शेतात, पाणी कसं होतं एवढं टाका. मोजायचे तर दहा-दहाच्या गटाने, डावीकडून उजवीकडे. माझ्या वहीत एका फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय: ‘सकाळी ७.१०, बेट, मोठे १४, पिल्लं ५, पाणी उतरलेलं, धुकं.’ खाली मावशीच्या अक्षरात एक ओळ आहे, त्या दिवशी तिला साडेचारलाच उठवून नेलं होतं: ‘पांढरे नाहीत. पण डोक्यावर गंध लावल्यासारखे दोन पट्टे. पाचातलं एक पिल्लू सारखं आईच्या शेपटीवर पाय देत होतं.’